घागरी स्पष्ट, माणसं पुसट

आकडा मोठा असेल तर भोक लहान, ही गोष्ट मला पहिल्या दिवशी मुळीच पटली नाही. उस्तादांनी कॅमेऱ्याच्या भिंगाजवळची बारकी चकती फिरवून दाखवली. सोळावर आणली तेव्हा आतल्या पात्यांमध्ये मुगाच्या दाण्याएवढं भोक उरलं आणि साडेतीनवर आणली तेव्हा सगळं भिंग उघडं पडलं. मी सरकारी कचेरीतला कारकून. आमच्याकडे सोळा हे कुठल्याही खात्यात साडेतीनपेक्षा जास्तच असतात. "आकडे उलटे छापलेत," मी म्हणालो.

"सायब," उस्ताद शांतपणे म्हणाले, "सगळी दुनिया असंच छापून राहिली. आता तुम्ही नांदेडहून आले म्हणून बदलतील."

मी नांदेडहून आलो होतो हे खरं. लातूर जिल्हा तेव्हा नवा नवाच झाला होता आणि नव्या जिल्ह्याला जुनी माणसं लागतात, म्हणून माझी बदली झाली. आमची कचेरी एका भाड्याच्या घरात होती. साहेब देवघरात बसायचे आणि आवक-जावकचं टेबल न्हाणीत होतं. न्हाणीला पाणी नव्हतंच, त्यामुळे कुणाची अडचण होत नव्हती. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. नळाला कधी पाणी यायचं, कधी नुसती हवा यायची, आणि टँकर आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन धावायची.

जिल्हा झाल्यामुळे ज्याला त्याला अर्जावर चिकटवायला फोटो लागत होता. माझ्या ओळखपत्राचा फोटो काढायला मी कचेरीसमोरच्या स्टुडिओत गेलो. फोटोत माझे कान बाहेर आले होते आणि चेहरा गायब होता. स्टुडिओ उस्तादांचा. मी त्यांना विचारलं, असं कशानं झालं. ते म्हणाले, दिव्यानं. मी विचारलं, दिव्यानं म्हणजे कसं? कुठलीही गोष्ट अर्धवट कळली की मला रात्री झोप येत नाही. लहानपणी घड्याळ उघडून मी वडिलांचा मार खाल्लेला आहे. चार दिवस रोज संध्याकाळी मी उस्तादांच्या दुकानात जाऊन काही ना काही विचारत राहिलो. पाचव्या दिवशी ते कंटाळले आणि म्हणाले, "नक्को सायब, डोकं खाऊ नका. हा कॅमेरा घ्या आणि शिकूनच टाका." उस्ताद लातूरचेच, दख्खनी बोलणारे, आणि आपल्या कलेबद्दल त्यांना तिळमात्र संकोच नव्हता. औरंगाबादेपर्यंत आपल्यासारखा फोटोग्राफर नाही असं ते मला आठवड्यातून दोनदा तरी सांगायचे.

कॅमेरा जुना होता, दोन भिंगांचा, डब्यासारखा. छातीशी धरून वरून आत वाकून बघायचं. आत सगळं डाव्याचं उजवं दिसायचं. समोरचा माणूस डावीकडे सरकला की काचेवर तो उजवीकडे जायचा, आणि मी त्याच्यामागे कॅमेरा फिरवायला गेलो की तो काचेवरून पळूनच जायचा. पहिला पूर्ण रोल मी आमच्या गल्लीतल्या म्हशीवर घालवला. एकाही फोटोत म्हैस पूर्ण आली नाही.

ते भोक, म्हणजे अॅपर्चर, मला कळलं ते नळावर. मी जिथं भाड्यानं राहत होतो त्या घरासमोरच सार्वजनिक नळ होता. एका सकाळी माझी बादली लावून उभा होतो. पाण्याची धार करंगळीएवढी. माझ्या पुढच्या बाईंची घागर भरता भरेना. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. तोटी बारीक असेल तर घागर भरायला वेळ लागतो, तोटी मोठी असेल तर लगेच भरते. भोक म्हणजे तोटी, शटर म्हणजे वेळ, आणि फिल्म म्हणजे घागर. ती अर्धी राहिली तर फोटो काळा, उतू गेली तर पांढरा. मी बादली तिथंच सोडून स्टुडिओकडे निघालो. वाटेत आठवलं की उस्ताद दहाच्या आत दुकान उघडत नाहीत. परत आलो तर माझी बादली रांगेतून बाहेर काढून ठेवली होती, आणि ते बरोबरच होतं.

त्या घराचे मालक म्हणजे अप्पा. लिंगायत वाणी, गोलाईच्या बाजारपेठेत त्यांचं डाळी-गुळाचं दुकान. मुली लग्न होऊन गेलेल्या, दुकानात पुतण्या मदतीला. घरात अप्पा आणि काकू दोघंच, वर माळवदावरच्या खोलीत मी. अप्पांचा दिवस विभूती लावून सुरू व्हायचा आणि माझी चेष्टा करून संपायचा. संध्याकाळी मी जिना चढायला लागलो की सोप्यातून हाक यायची.

"काय फोटोग्राफर साहेब, आज काय शिकून आलात?"

मी थांबून सांगायचो. सांगितल्याशिवाय मलाही चैन पडत नसे. फिल्मला वेग असतो, हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "ती डब्यात बसून कुठं पळती?" निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं, हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या धंद्यात बी काही लोकाला तसंच दिसतं." मी एकदा अंधारात काढलेल्या फोटोची कोरी निगेटिव्ह दाखवून तक्रार करत होतो की उस्तादांनी छापताना जीव लावला नाही. अप्पांनी ती दिव्यासमोर धरली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून येईल?" दुसऱ्या दिवशी उस्तादांनी तेच मला तीन वाक्यांत आणि दोन शिव्यांसकट सांगितलं.

अप्पा आणि काकूंचा दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता. लग्नात कुणी काढला नव्हता आणि नंतर कधी योग आला नाही. भिंतीवर अप्पांच्या वडिलांचा होता, मुलींच्या लग्नांतले होते, पण त्यांत काकू कुठं पदराआड, कुठं ताट घेऊन चौकटीबाहेर चाललेल्या. काकूंनीच एकदा माझ्याकडे विषय काढला. चहाचा कप ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दोघांचा एक निघंल का तुमच्या डब्यात?"

मी म्हणालो, निघेल की, रविवारी काढू. अप्पा हसायला लागले. "अहो, ही एका जागी बसली तर ना! तीस-पस्तीस वर्षांत मी हिला जेवताना बी बसलेली बघितली न्हाई. तुम्ही आधी नीट शिका. आमची ही ज्या दिवशी फोटोत साफ येईल, त्या दिवशी तुम्ही पास."

हे अगदी खरं होतं. काकू सतत हलायच्या. बोलताना डाळ निवडायच्या, डाळ निवडताना उठून दाराची कडी बघायच्या, आणि अप्पा जवळ असले की जाता-येता त्यांच्या खांद्यावरचा शेला सारखा करायच्या. तो शेला कायम एका बाजूला घसरलेला असे. त्यांचं माहेर बिदरकडचं, त्यामुळे मोजायच्या मात्र कानडीत. टँकरखाली घागरी लावताना "ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू" असा त्यांचा आवाज मला वर खोलीत ऐकू यायचा.

शिकत होतो, पण फार हळू. एका सुट्टीत नांदेडला घरी गेलो तेव्हा कॅमेरा घेऊन घाटावर गेलो. गोदावरीत तेव्हा पाण्यापेक्षा वाळूच जास्त होती. पांढरी वाळू, दुपारचं ऊन, आणि मी घरातल्या हिशोबानं भोक सताड उघडं ठेवलेलं. फोटो छापल्यावर उस्ताद म्हणाले, "हे काय, दुधाचा फोटो काढला?" ओव्हरएक्स्पोज हा शब्द मी त्या दिवशी शिकलो आणि तो आजतागायत विसरलेलो नाही.

त्या उन्हाळ्यात माझा एकच फोटो उस्तादांना आवडला. पहाटेच्या कमी उजेडात मी कॅमेरा कंपाउंडच्या भिंतीवर टेकवला, शटर बराच वेळ उघडं ठेवलं आणि नळावरची रांग टिपली. फोटो छापून आला तेव्हा मी चकित झालो. घागरींची ओळ इतकी स्पष्ट की एकीचा पोचा दिसावा, आणि बायका मात्र धुरासारख्या पुसट. काहींच्या जागी तर मागची भिंतच दिसत होती.

"बाया कुठं गेल्या?" मी विचारलं.

"जे थांबलं ते आलं," उस्ताद म्हणाले. "बाया हलल्या, घागरी थांबल्या."

मी तो फोटो अप्पांना दाखवला. त्यांनी तो बराच वेळ निरखला. एक पुसट आकृती बोटानं दाखवून म्हणाले, "ही आमची." काकूंनी वाकून पाहिलं आणि त्यांना ते पटलं नाही. अप्पा म्हणाले, "सगळ्यात जास्त पुसट हाय म्हणून वळखली."

पुढच्या रविवारी फोटो काढायचं ठरलं होतं. मी उस्तादांकडून तिवई मागून आणली होती.

शुक्रवारी पहाटे अप्पा गेले. झोपेतच. काकू त्यांना उठवायला गेल्या आणि मला वर खोलीत त्यांची हाक ऐकू आली, तेव्हाच कळलं. मी पुतण्याला बोलवायला धावलो. परत आलो तेव्हा शेजारची माणसं जमली होती. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. माझं तिथं काही नातं नव्हतं, पण रडू आलं. संध्याकाळी मला कुणी काही विचारणार नाही, एवढं एकच डोक्यात येत होतं.

लिंगायतांमध्ये गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. अप्पांना आंघोळ घातली, पांढरं धोतर नेसवलं, पटका बांधला, कपाळभर विभूती लावली आणि सोप्यात भिंतीला टेकून बसवलं. गळ्यात हार, समोर समई. स्वामी आले होते, भजन सुरू झालं. अप्पा दुकानात गादीवर बसायचे तसेच बसले होते, फक्त कुणाशी बोलत नव्हते. शेला घातला होता आणि तो एका बाजूला घसरला होता.

थोड्या वेळानं पुतण्या माझ्याजवळ आला. "दादा, फोटो काढावा लागतो आमच्यात. बसवलेल्या माणसासोबत घरच्यांचा. उस्तादाच्या दुकानाला कुलूप हाय."

उस्ताद औशाला गेले होते. तिकडं मंत्री दुष्काळी कामं बघायला येणार होते. भर उन्हात फ्लॅशचं काही काम नव्हतं, पण मंत्र्यांसमोर चमकला पाहिजे म्हणून ते फ्लॅशही घेऊन गेले होते. बाकीचे फोटोवालेही त्यांच्याच मागे. दुपारी माती द्यायची होती.

"तुम्हीच काढा," पुतण्या म्हणाला. "काकूनं सांगितलंय. दोघांचा काढायचा राहिला म्हणली."

मी वर जाऊन कॅमेरा घेतला. रोलमध्ये दोनच फोटो उरले होते. आधीचे दहा कचेरीतल्या लिंबाच्या झाडावर आणि गल्लीतल्या त्याच म्हशीवर खर्च झाले होते. खाली सोप्यात उजेड फक्त दारातून येत होता आणि दारात माणसं उभी. मी पुतण्याला म्हणालो, अप्पांना अंगणात घेता येईल का? तो स्वामींकडे गेला आणि मान हलवत परत आला. एकदा बसवलं की विमानात, म्हणजे न्यायच्या सजवलेल्या पालखीत, बसवेपर्यंत हलवत नाहीत.

म्हणजे वेळ वाढवावा लागणार होता. भोक मोठं केलं तर वेळ कमी लागला असता, पण मग अप्पा स्पष्ट आले असते आणि पुढची माणसं धूसर. सगळ्यांना खोलीभर स्पष्ट आणायचं तर भोक लहान, आणि भोक लहान तर घागर भरायला वेळ. चार मोजेपर्यंत शटर उघडं ठेवायचं असा हिशोब मी मनातल्या मनात केला. तो बरोबर आहे का, हे विचारायला कुणी नव्हतं.

तिवई लावली, काचेवर वाकलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या डोक्यातलं कुतूहल थांबलं नव्हतं, आणि त्याची मला लाजही वाटत होती. फोकस करायला इतका सोपा चेहरा मला तोवर मिळाला नव्हता. बाकी सगळं हलत होतं. समईची ज्योत हलत होती, सासरहून आलेल्या मुली हुंदके देत होत्या, म्हातारी माणसं मान हलवत भजन म्हणत होती. काकू अप्पांच्या डाव्या हाताला बसल्या होत्या, काचेवर उजव्या.

"कुणी हलू नका," मी म्हणालो आणि शटर उघडलं.

मी मनात दोन म्हणालो तेवढ्यात काकू वळल्या. हात लांब करून त्यांनी अप्पांचा घसरलेला शेला खांद्यावर सारखा केला. तीन, चार. शटर मिटलं. मला कळलं की हा फोटो गेला. शेवटचा एकच उरला होता.

"काकू," मी म्हणालो, "हलायचं नाही."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, काहीतरी नीट समजून घ्यायचं असल्यासारखं.

"किती वेळ?"

"चार मोजेपर्यंत."

त्यांनी हात मांडीवर ठेवले, पाठ भिंतीला लावली आणि समोर बघितलं. मी शटर उघडलं तेव्हा त्यांचे ओठ न हलता आवाज आला. ओंदू. एरडू. मूरू. नाल्कू. मी त्यांच्या मोजण्यावरच शटर मिटलं.

फोटो धुवायला पुढे आठवडा गेला. उस्तादांच्या दुकानात बोअरचं खारं पाणी होतं आणि त्यानं निगेटिव्हवर पांढरे डाग पडायचे. चांगलं पाणी मिळेपर्यंत थांबू, ते म्हणाले. औशाला गेल्याचं त्यांना वाईट वाटत होतं, त्यामुळे ते त्या आठवड्यात स्वतःची स्तुती जरा कमी करत होते. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी टँकरच्या पिण्याच्या पाण्यातली एक घागर पुतण्याच्या डोक्यावर देऊन स्टुडिओत पाठवली. त्या घागरीतल्या पाण्यानंच ती फिल्म धुतली.

अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटताना मी उस्तादांच्या खांद्यावरून बघत होतो. आधी पहिला फोटो आला. अप्पा स्पष्ट. कपाळावरची विभूतीची तिन्ही बोटं मोजता यावीत इतके. काकूंच्या जागी मात्र पांढरट पट्टा, त्यात चेहऱ्याचा नुसता अंदाज, आणि अप्पांच्या खांद्याकडे गेलेला एक हात, तोही धुरासारखा. उस्तादांनी तो बाजूला ठेवला. "हे नापास."

मग दुसरा. भजनी मंडळी पुसट, मुलींचे चेहरे थोडे हललेले. पण मधोमध अप्पा आणि काकू दोघंही लख्ख. काकूंच्या पापणीचा केसही हलला नव्हता. उस्तादांनी कागद पाण्यातून काढून दिव्याजवळ धरला. "सायब," ते म्हणाले, "हे माझ्याच्यानं बी झालं नसतं." उस्तादांच्या तोंडून असं वाक्य पुन्हा कधी निघालं नाही. मी अप्पांच्या अटीप्रमाणे पास झालो होतो, आणि ते सांगायला मला त्यांच्याकडेच जावंसं वाटत होतं.

दोन्ही फोटो घेऊन मी घरी गेलो. काकू सोप्यात ज्वारी पाखडत होत्या. मी चांगला फोटो वर ठेवून त्यांच्या हातात दिला आणि न राहवून म्हणालो, "काकू, तुम्ही साफ आलात. अगदी स्पष्ट."

त्यांनी सूप खाली ठेवलं. फोटो दारातल्या उजेडात धरला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, त्यांना आवडेल या खात्रीनं.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पण ह्याच्यात दोघंबी गेल्यावानी दिसतो."

त्यांनी खालचा फोटो ओढून घेतला. पुसट पट्ट्यावरून बोट फिरवलं, हातापाशी आल्या आणि थांबल्या.

"ह्याच्यात मी काय करून राहिले?"

"शेला सारखा करत होता," मी म्हणालो. "अप्पांचा. म्हणून हललात. तो बिघडलाय काकू, तो—"

"हाच लावा," त्या म्हणाल्या.

मी समजावून बघितलं. चेहराच दिसत नाही, म्हणालो. पाहुणे विचारतील, ही कोण म्हणून. माझ्या त्या एका फोटोसाठी मी किती शिकलो होतो हे मला त्यांना सांगता येईना, आणि राग आला होता हेही खरं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ज्वारी पुन्हा पाखडायला घेतली.

पुतण्यानं तो फोटो चौकटीत बसवून सोप्यात लावला. माझी दोन वर्षांनी नांदेडला परत बदली झाली, तोवर रोज जिना चढताना तो मला दिसायचा. एक लख्ख म्हातारा आणि त्याच्या खांद्याशी आलेला धूर. पाहुणे खरंच विचारायचे. हे अप्पा, आणि ही कोण? काकू पाण्याचा तांब्या घेऊन आत-बाहेर करत असायच्या. थांबायच्या नाहीत. जाता जाता सांगायच्या, "मीच की. त्यांचा शेला घसरला होता."